पोटमाळ्यावरची वचनं

डेटन, ओहायो

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सांगलीत गणपती पेठेतले व्यापारी, दोन-तीन डॉक्टर, निवृत्त इंजिनिअर आणि गणेश मंडळांची पोरं मिळून पूर समिती काढताय, कृष्णाकाठाला संरक्षक भिंत घालायचा प्रस्ताव मांडताय, हे वाचून मनापासून बरं वाटलं. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं. आणखी किती वेळा गावभागातल्या लोकांनी भिंतीवर पाण्याची रेघ मारून ठेवायची? तू विचारलंस, की मी राहतो त्या गावातल्या व्यापाऱ्यांनी म्हणे शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या पैशानं पूर अडवला, ते खरं का? खरं आहे. पण त्या गोष्टीत तुमच्या उपयोगाचं बरंच आहे आणि सावध राहण्यासारखंही आहे, म्हणून सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

डेटनला ग्रेट मायामी नदीला स्टिलवॉटर, मॅड रिव्हर आणि वुल्फ क्रीक असे तीन प्रवाह गावाच्या अगदी जवळ येऊन मिळतात. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तसाच प्रकार, फक्त इथे एकाच्या जागी तीन. १८०५, १८२८, १८४७, १८६६, १८९८, असे पूर येत गेले. दर पुरानंतर लोकांनी नदीकाठचे मातीचे बंधारे थोडे उंच केले आणि पुन्हा धंद्याला लागले. गावाची मात्र भरभराट होत होती. १९१० च्या जनगणनेत वस्ती एक लाख सोळा हजारांच्या वर. राइट बंधूंचं सायकलचं दुकान इथलंच. नॅशनल कॅश रजिस्टर, म्हणजे एनसीआर, हा गल्ल्याची यंत्रं बनवणारा भलामोठा कारखाना इथला. केटरिंग आणि डीड्स या दोघांनी १९०९ मध्ये काढलेली डेल्को कंपनी इथलीच. हँडल न मारता मोटार सुरू करणारा विजेचा स्टार्टर त्यांनीच १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसवला. अशा हुशार माणसांच्या गावात पुराला उत्तर मात्र एकच होतं, बंधारा अजून थोडा उंच.

२३ मार्च १९१३, ईस्टरचा रविवार. त्या दिवशी पाऊस लागला तो थांबेना. मंगळवारी, २५ तारखेला सकाळी बंधारे फुटले. बाजारपेठेत काही ठिकाणी वीस फूट पाणी. त्यात गॅसच्या नळ्या फुटून आगी लागल्या. खाली पाणी आणि वर आग, अशा अवस्थेत माणसं पोटमाळ्यांवर आणि छपरांवर थंडीत रात्री काढत होती. साऱ्या खोऱ्यात ३६० हून जास्त माणसं गेली, पासष्ट हजार बेघर झाली. जनावरांचे तर हालच. चौदाशेच्या आसपास घोडेच मेले. राइट बंधूंचं १९०३ सालचं पहिलं विमान खोक्यांत भरून एका शेडमध्ये ठेवलेलं होतं, तेही चिखलाखाली गेलं. सुदैवानं ते वाचलं. विल्बर आदल्या वर्षीच विषमज्वरानं गेला होता. ऑर्व्हिल आणि बहीण कॅथरीन यांना घर सोडून पळावं लागलं. टेलिफोन कंपनीतला जॉन बेल नावाचा एक माणूस पाण्यानं वेढलेल्या इमारतीत बसून राहिला आणि त्यानं एक तार जिवंत ठेवली. ओहायोचे गव्हर्नर कॉक्स यांना डेटनची बातमी कळत होती ती त्या तारेवरून.

आता एनसीआरच्या जॉन पॅटरसनबद्दल. याच्यावर मी बरंच वाचलं आहे आणि तो माणूस मला अजून पुरता उलगडत नाही. पूर यायच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी १९१३ मध्ये, प्रतिस्पर्धी कंपन्यांना गैरमार्गानं संपवल्याबद्दल त्याला आणि त्याच्या अधिकाऱ्यांना सिनसिनाटीच्या न्यायालयात दोषी ठरवलं होतं. पॅटरसनला वर्षभराची कैद सुनावली होती. (पुढे १९१५ मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला.) असा हा माणूस त्या मंगळवारी भल्या पहाटे आपल्या अधिकाऱ्यांना गोळा करतो, बंधारा टिकणार नाही असं सांगतो आणि गल्ल्याची यंत्रं बनवणारा कारखाना होड्या बांधायला लावतो. सपाट तळाच्या जवळजवळ तीनशे होड्या त्या सुतारखात्यातून बाहेर पडल्या. कारखाना उंचावर होता, स्वतःची वीज, स्वतःचं पाणी. तिथेच लोकांना आसरा, जेवण, दवाखाना. मदत समितीचा अध्यक्ष तोच झाला. धंद्यात निर्दय असलेला हा माणूस गावावर संकट येताच सगळ्यांच्या आधी उभा राहिला, आणि लोकांनी त्याच्या शिक्षेत माफी मिळावी म्हणून थेट राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज केले. तुझ्या समितीत कोणाला घ्यावं, कोणाला नको यावरून तुमच्यात वाद चाललाय असं लिहिलंस, म्हणून हे मुद्दाम सांगतो. ज्याच्याकडे ट्रक, गोदाम आणि माणसं आहेत त्याला घ्याच. फक्त समितीची मालकी त्याच्याकडे जाऊ देऊ नका. ती गेली की काय होतं ते पुढे येईलच.

मदतीचं काम दोन महिने चाललं. मग मे महिन्यात, घरांच्या भिंती अजून ओल्या असताना, गावानं वर्गणी सुरू केली. कशासाठी? पुन्हा पूर येऊ नये यासाठी. कसा अडवायचा हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. योजना नाही, नकाशा नाही. तरीही त्यांनी आधी पैसा उभा करायचं ठरवलं. 'पोटमाळ्यावर बसून दिलेली वचनं आठवा', ही त्या मोहिमेची हाक. केवढी अचूक हाक आहे बघ! पाणी छपराला लागलेलं असताना प्रत्येकानं मनाशी काही ना काही कबूल केलेलं असतं, आणि पाणी ओसरल्यावर दोन महिन्यांत ते विसरलंही जातं. गावात गल्ल्याच्या यंत्राची एक अवाढव्य प्रतिकृती उभारली होती, तिच्यावर जमलेला आकडा दिसे. तेवीस हजार लोकांनी मिळून वीस लाख डॉलर्सच्या वर कबूल केले. मोठा वाटा कारखानदारांचा होता हे उघडच आहे, पण तेवीस हजार नावं म्हणजे गावातल्या बहुतेक घरांतून कोणीतरी. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे. सरकारच्या दारात जाण्याआधी त्यांनी आपली नावं कागदावर घातली होती, म्हणून पुढे त्यांचं बोलणं कोणाला टाळता आलं नाही.

क्लबांबद्दल तू विचारलं होतंस. रोटरी क्लब इथे १९१२ मध्येच निघाला होता, आणि पुराच्या वेळी ठिकठिकाणच्या रोटरी क्लबांनी ओहायो आणि इंडियानातल्या पूरग्रस्तांसाठी पंचवीस हजार डॉलर्स पाठवले. डीड्स आणि केटरिंग यांनी १९१४ मध्ये इंजिनिअर्स क्लब काढला. ऑर्व्हिल राइटही त्यात होता. १९१८ मध्ये बांधलेली त्यांची इमारत नदीजवळ अजून उभी आहे. माझ्या समजुतीप्रमाणे या क्लबांचा खरा उपयोग पैशापेक्षा ओळखीचा झाला. कारखानदार, वकील, बँकवाले, पालिकेचे इंजिनिअर एका टेबलावर जेवत, त्यामुळे काम अडलं की कोणाला गाठायचं हे ठाऊक असे. तुमच्याकडे हे काम मंडळं करतात. पुराच्या रात्री काहिलीत (गुळाच्या मोठ्या कढईत) बसवून म्हाताऱ्यांना बाहेर काढणारी तीच पोरं असतात, त्यांना फक्त वर्गणीपुरतं बोलावू नका.

नगरपालिकेचं प्रकरण मात्र जरा गुंतागुंतीचं आहे. गाव धंद्यासारखं शिस्तीत चालवावं हे पॅटरसन १८९६ पासून सांगत होता. पालिकेच्या कारभाराचा अभ्यास करणारी एक संस्थाही त्यानं १९१२ मध्ये सुरू करून दिली होती. पुरानंतर त्याच्या बोलण्याला वजन आलं. ऑगस्ट १९१३ मध्ये लोकांनी नवी सनद मंजूर केली आणि १ जानेवारी १९१४ पासून कारभार बदलला. प्रभागांतून निवडून येणारे नगरसेवक गेले. त्यांच्या जागी सबंध शहरानं निवडलेले पाच आयुक्त आणि त्यांनी नेमलेला एक पगारी व्यवस्थापक. त्या जागेसाठी आधी पनामा कालवा बांधणाऱ्या गोथल्सना विचारलं होतं, ते आले नाहीत. मग सिनसिनाटीहून हेन्री वेट हा इंजिनिअर आला. एवढ्या मोठ्या अमेरिकन शहरात ही पद्धत पहिल्यांदा आली ती इथे.

कारभार सुधारला, यात वाद नाही. पण प्रभाग गेल्यावर गरीब वस्तीचा आवाजही गेला. १९१७ मध्ये समाजवादी पक्षाला इथे चाळीस टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि जागा एकही मिळाली नाही. कामगारांच्या गल्लीतला नगरसेवक कदाचित कमी शिकलेला असेल, पण गटार तुंबलं तर त्याच्या दारावर थाप मारता येत होती. शहाण्या, स्वच्छ, सधन माणसांनी 'आम्हाला कळतं' म्हणून सगळं हातात घेतलं की असं होतं, आणि त्यांच्या हेतूत खोट नसली तरी होतं. तुमच्या समितीत सांगलीवाडीचा कोण आहे? दत्तनगरचा कोण आहे? तू पाठवलेल्या यादीत मला पेठेबाहेरचं एकही नाव दिसलं नाही. हे मला खटकलं, म्हणून स्पष्ट लिहितो.

आता पाण्याकडे येऊ. वर्गणीच्या पैशातून मेम्फिसहून आर्थर मॉर्गन या इंजिनिअरला आणलं. लोकांना घाई होती. नदी रुंद करा, खोल करा, लगेच कामाला लागा. मॉर्गनलाही आधी तसंच वाटलं होतं. हिशेब मांडल्यावर त्याच्या लक्षात आलं, की एवढं पाणी गावातून वाहून न्यायचं तर निम्मं गाव पाडावं लागेल. मग त्यानं अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जुन्या पावसाच्या नोंदी गोळा केल्या, युरोपातल्या नद्यांच्या शेकडो वर्षांच्या पुरांचा अभ्यास केला, आणि १९१३ च्या पुरापेक्षा चाळीस टक्के जास्त पाणी धरून योजना आखली. गावाच्या वरच्या अंगाला आणि उपनद्यांवर पाच मातीची धरणं: जर्मनटाउन, एंगलवूड, लॉकिंग्टन, टेलर्सव्हिल आणि हफमन. ही धरणं कोरडी असतात. पातेल्याला तळाशी ठरावीक मापाचं भोक ठेवावं तशी त्यांची रचना. रोजची नदी त्या भोकातून मोकळी वाहते. पूर आला की भोकातून जाईल तेवढंच पाणी जातं, बाकीचं मागे थांबतं आणि पाऊस सरल्यावर आपोआप निघून जातं. दरवाजे नाहीत, त्यामुळे ते कधी उघडायचे आणि कोणाच्या हुकमानं यावर भांडण नाही. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीनं किती अडवलं यावर दर ऑगस्टमध्ये जे रण माजतं, ते इथे होऊच शकत नाही.

यासाठी कायदाच नवा करावा लागला. गव्हर्नर कॉक्स हे डेटनच्याच एका दैनिकाचे मालक; त्यांनी १९१४ मध्ये त्यावर सही केली. १९१५ मध्ये मायामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट स्थापन झाला. गाव किंवा जिल्हा न धरता सगळं खोरं धरून चालणारी ही संस्था. ज्याच्या मिळकतीला संरक्षण मिळेल त्यानं त्या प्रमाणात भार उचलायचा, असा नियम. कर्जरोखे काढले, तीन कोटी डॉलर्सच्या वर खर्च झाला. १९१८ ला बांधकाम सुरू होऊन १९२२ ला पाचही धरणं पुरी झाली. तेव्हापासून दोन हजारांहून जास्त वेळा त्यांनी पुराचं पाणी मागे थोपवून धरलं आहे.

विरोध झाला, आणि कडाडून झाला. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: डेटन वाचवायला आमची शेतं का बुडवता? त्यांच्या सभा झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी धरणामागची शेती चालू ठेवायची, फक्त बांधकाम करायचं नाही, असा मार्ग निघाला. अजूनही तिथे मका डोलतो. पण ऑस्बोर्न नावाचं एक अख्खं गाव हफमन धरणाच्या पट्ट्यात येत होतं. तिथल्या लोकांनी आपली घरं परत विकत घेतली, ओंडक्यांवर चढवली आणि दोन-तीन मैलांवर फेअरफील्डजवळ नेऊन ठेवली. पुढे १९५० मध्ये दोन्ही गावं एक होऊन फेअरबोर्न झालं. डेटनच्या यशाची किंमत त्यांनी मोजली, आणि इथल्या समारंभांत त्यांचं नाव फारसं निघत नाही याचं मला वाईट वाटतं.

म्हणून तुमच्या संरक्षक भिंतीच्या प्रस्तावाबद्दल माझं मत ऐक. आयर्विन पुलाजवळ २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. सांगलीच्या काठाला उंच भिंत घातली तर ते पाणी नाहीसं होणार नाही. ते वर भिलवडी, ब्रह्मनाळकडे तुंबेल, नाहीतर समोरच्या काठावर चढेल. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला उलटलेली ती नाव आठव. डेटनची धरणं उचलून कृष्णेवर ठेवता येणार नाहीत हे मलाही कळतं. इथलं खोरं लहान आणि जवळपास सगळं एकाच राज्यातलं. तुमचं खोरं तीन-चार राज्यांतून जातं आणि दाट वस्तीचं आहे. पण सगळं खोरं एकत्र धरून विचार करणं तर घेता येईल ना? समितीच्या पहिल्या बैठकीला पलूस आणि शिरोळ तालुक्यातली माणसं बोलवा. हरिपूरला हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) ज्यांची बुडाली त्यांना बोलवा. आणि भिंतीची वर्गणी मागण्याआधी निदान एका चांगल्या जलतज्ज्ञाच्या अभ्यासापुरते पैसे जमवा, त्यात माझं नाव पहिलं लिही.

मला एवढं पाठव: तुमच्या यादीतल्या निवृत्त इंजिनिअरांकडे आयर्विन पुलाच्या पातळीच्या जुन्या नोंदी असतील तर त्यांची प्रत, आणि तुमच्या ठरावाचा मसुदा. कॉन्झर्व्हन्सीनं मिळकतींवर आकारणी कशी ठरवली त्याचे कागद मी इथल्या ग्रंथालयातून मिळवतोय, पुढच्या पत्रासोबत धाडीन. बैठक ऑगस्टच्या आधी घ्या, पाणी आल्यावर नको.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकसोबती