१९५२ च्या महोत्सवाच्या आठवणी वेळीच गोळा करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर उजाडला की आपल्या दैनिकात गोव्यातल्या इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, बातम्या रोज येतात. पणजीत कोण आले, उद्घाटनाला कोणता चित्रपट, सुवर्णमयूर कोणाला, हे सगळे मी आवडीने वाचतो. पण एक गोष्ट दरवर्षी राहून जाते. गोवा हे इफ्फीचे कायमचे घर झाले ते २००४ मध्ये. महोत्सवाचा जन्म मात्र मुंबईचा, २४ जानेवारी १९५२ चा. आशियातला असा हा पहिलाच महोत्सव. नव्या पिढीच्या वाचकांना हे ठाऊक नसेल तर त्यांचा दोष नाही, पण आपल्या पानांवर त्याची दखल असायला हवी.

तो काळ डोळ्यांसमोर आणावा. स्वातंत्र्याला पाच वर्षेही झाली नव्हती, देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक चालू होती. अशा धामधुमीत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने २३ देशांतले सुमारे ४० कथापट आणि १०० लघुपट मुंबईत आणले. हॉलिवूडचे दिग्दर्शक फ्रँक काप्रा अमेरिकेच्या शिष्टमंडळाबरोबर आले. १ फेब्रुवारीला मुंबईचा मुक्काम आटोपून हा सोहळा मद्रास, दिल्ली आणि कलकत्ता अशा शहरांत गेला. स्पर्धा नव्हती, बक्षिसे नव्हती. लोकांनी जगाचा सिनेमा बघावा, एवढ्याचसाठी हा खटाटोप होता.

माझे वडील त्या वेळी तारवाले होते. फोर्टातून तारा घेऊन गिरगाव-ठाकुरद्वारपर्यंत दिवसभर सायकल हाणायची, ही नोकरी. ती सायकल घेण्यासाठी माझ्या आजीने हातातल्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. महोत्सवात एक इटालियन चित्रपट लागला आहे आणि तो सायकलीवर आहे, एवढे कोणीतरी सांगितले म्हणून ते गेले. इंग्रजी त्यांना तारेपुरते येई. पण 'बायसिकल थीव्ज'मध्ये बाई घरातल्या चादरी गहाण टाकून नवऱ्याची सायकल सोडवून आणते, ते पडद्यावर दिसल्यावर त्यांना पुढचे काही वाचावे लागले नाही. पोस्टर चिकटवायचे काम मिळालेला तो माणूस, कामाच्या पहिल्याच दिवशी चोरीला गेलेली सायकल, ती शोधत लहान मुलाला घेऊन सगळे रोम पालथे घालणे, हे सारे ते आम्हाला प्रसंगामागून प्रसंग सांगत. शेवटाशी आले की थांबत. "पोराने बापाला मार खाताना बघितलं," एवढेच म्हणत आणि उठून जात. त्या रात्री घरी आल्यावर त्यांनी जिन्याखाली लावलेली सायकल उचलून तिसऱ्या मजल्यावर आमच्या खोलीत आणून ठेवली. पुढे कित्येक वर्षे ती रात्री खोलीतच असे, हे मी स्वतः पाहिले आहे.

त्याच महोत्सवात जपानचा 'राशोमोन' होता, इटलीचेच 'रोम, ओपन सिटी' आणि 'मिरॅकल इन मिलान' होते. आणि मराठी वाचकांना आवर्जून सांगावे असे म्हणजे, भारताने निवडलेल्या चार कथापटांत एक मराठी होता. हिंदी 'आवारा', तेलुगू 'पाताळ भैरवी', बंगाली 'बाबला' आणि व्ही. शांताराम यांचा 'अमर भूपाळी'. परळच्या राजकमल स्टुडिओत घडलेला, वसंत देसाईंच्या संगीताने नटलेला, शाहीर होनाजी बाळाचा हा चित्रपट. ज्याची भूपाळी आजही घराघरांत पहाटे ऐकू येते, तो पेशवाईतला गवळ्याचा पोर 'राशोमोन'चे कुरोसावा आणि 'बायसिकल थीव्ज'चे डी सिका या दिग्दर्शकांच्या पंगतीला बसला, तोही आपल्याच शहरात! याचा मला फार अभिमान वाटतो. मराठी सिनेमा जगाच्या पडद्यावर आता कुठे पोहोचू लागला, असे कोणी म्हणाले की म्हणूनच मला राहवत नाही.

त्या आठवड्याभराचा परिणामही मोठा झाला. कलकत्त्याहून नुकतेच मुंबईत आलेले दिग्दर्शक बिमल रॉय इटालियन चित्रपटांनी भारावून गेले आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. त्यात बलराज साहनी कलकत्त्याच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर रिक्षा ओढताना दिसतात.

चित्रपटांचा इतिहास अभ्यासक लिहितात, लिहितील. माझी कळकळ प्रेक्षकांसाठी आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. म्हणजे १९५२ ची तिकिटे, माहितीपत्रके, छापील कार्यक्रम जपण्यासाठी तेव्हा अशी संस्थाच नव्हती. जे काही उरले असेल ते लोकांच्या घरांत, ट्रंकांत, जुन्या वह्यांत. वडिलांनी त्या खेळाचे अर्धे तिकीट एका डायरीत ठेवले होते. आमची चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी केली तेव्हा घाईगर्दीत ती डायरी मी रद्दीत दिली. ही चूक माझी आहे आणि ती मला आजही छळते. दुसऱ्या कोणाच्या हातून ती होऊ नये.

तेव्हा अठरा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीच्या पुढे आहे. गिरगाव, लालबाग, दादर, पार्ल्यात अशी माणसे अजून असतील. काही मुलांकडे पुण्याला, नाशिकला, परदेशातही गेली असतील. आपल्या रविवार पुरवणीतून त्यांना एक आवाहन करावे, अशी माझी विनंती आहे. कोणता चित्रपट पाहिला, बरोबर कोण होते, तिकीट किती आण्यांचे होते, घरी येऊन काय बोलणे झाले, असे अगदी साधे प्रश्न विचारावेत. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांचे नातवंडांनी मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून पाठवावे. आलेले साहित्य छापून झाले की पुण्याच्या संग्रहालयाला देता येईल.

या कामासाठी घरोघर जाऊन आठवणी लिहून घ्यायला माणूस हवा असेल तर मी निवृत्त आहे, मला वेळ आहे. परळ ते गिरगाव हा पट्टा मी घेतो.

आपला,
एक जुना वाचक, परळ, मुंबई