अर्ज एक, कारणे दोन

नेरूळ, नवी मुंबई

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्याचे कारण म्हणजे तुमच्या बैठकीच्या खोलीत टेबलाच्या काचेखाली पडून असलेला, पोलीस ठाण्याला द्यायचा आवाजाच्या तक्रारीचा अर्ज. आईने निळ्या शाईने लिहिलेल्या मसुद्याची सुरुवात ‘धार्मिक उत्सवांच्या नावाखाली चाललेला धिंगाणा’ अशी आहे. बाबांनी ती ओळ लाल शाईने खोडून समासात ‘आमचेच सण दिसतात का? पहाटेचा भोंगाही लिहा’ असे लिहिले आहे. आणि त्याखाली आईने एक भले मोठे प्रश्नचिन्ह काढले आहे. गणपती तोंडावर आले तरी कागद तिथेच आहे. नौपाड्यातल्या त्या रस्त्यावरचा आवाज खरे तर तुम्हा दोघांनाही सोसत नाही. आईच्या छातीत धडधडते आणि बाबा श्रवणयंत्र काढून ठेवून खिडक्या लावून घेतात.

फोनवर हा विषय निघाला की तो आवाजावरून निवडणुकीवर आणि निवडणुकीवरून थेट टिळक-आगरकरांवर जातो, म्हणून लिहिणे बरे वाटले. समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दलात घडलेली आई आणि संघाच्या शाखेत घडलेले बाबा यांच्या घरात मी वाढले, त्यामुळे तुमचे वाद मिटावेत अशी माझी अपेक्षाच नाही. समान नागरी कायद्यावर किंवा आरक्षणावर तुमचे एकमत होणार नाही, आणि झालेच तर जेवताना बोलायला काही उरणार नाही. मात्र मते जुळल्याशिवाय मागणी जुळत नाही, असे जे तुम्ही दोघेही धरून चालला आहात, ते मला पटत नाही.

दोन टोकांची माणसे एकत्र आल्याचे उदाहरण म्हणून तुम्ही नेहमी आणीबाणी सांगता. येरवड्याच्या तुरुंगात संघाचे आणि समाजवादी कार्यकर्ते एकत्र राहिले, १९७७ मध्ये जनता पक्षाकडून मुंबईतून समाजवादी मृणाल गोरे आणि ठाण्यातून संघाचे रामभाऊ म्हाळगी लोकसभेत गेले, हे सगळे खरे. पण ती एकजूट कुणाच्या तरी विरोधातली होती. विरोधाचे कारण संपताच दुहेरी सदस्यत्वाचा, म्हणजे जनता पक्षात राहून संघातही राहावे का याचा, वाद वर आला आणि १९७९ मध्ये पक्ष फुटला. मला मागेल त्याला मजुरीचे काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेचे उदाहरण अधिक उपयोगाचे वाटते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तिच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. बाबा, पगारपत्रकावरच्या त्या कराबद्दल तुम्ही कुरकुर करत असा, पण योजनेला कधी नावे ठेवली नाहीत, कारण तिथे फुकट काही मिळत नव्हते, घाम गाळल्यावरच मजुरी होती. आई त्याच योजनेची बाजू घेई ती काम मागणे हा हक्क ठरला म्हणून. कुणीही दुसऱ्याचे कारण मान्य केले नाही, तरी योजना दोघांचीही होती.

जादूटोणाविरोधी कायद्याचे उदाहरण आपल्या अर्जाच्या आणखी जवळचे आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी अनेक वर्षे घालवली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. कायदा होण्याआधीच्या त्या वर्षांत वारकऱ्यांसह अनेकांची भीती अशी होती की उद्या वारी, कीर्तन आणि घरातली पूजाही गुन्हा ठरेल. अंतिम कायद्यात श्रद्धा म्हणजे काय आणि अंधश्रद्धा म्हणजे काय याची व्याख्या करण्याच्या फंदात न पडता कृत्यांची अनुसूची दिली गेली. भूत उतरवण्यासाठी साखळदंडाने बांधून मारहाण करणे, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे, अशी ती कृत्ये आहेत. प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, हेही त्यातच स्वच्छ लिहिले आहे. आई, मसुदा पातळ झाला असे तुझे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. तरीही अनुसूची वाचून झाल्यावर बाबांनी चश्मा काढून ‘याला कोण शहाणा माणूस विरोध करील?’ असे विचारले होते, आणि आधीच्या कोणत्याही मसुद्याबद्दल त्यांनी असे म्हटल्याचे मला आठवत नाही.

म्हणून आपल्या अर्जातून ‘धार्मिक’, ‘उत्सव’, ‘धिंगाणा’ आणि ‘भोंगा’ हे चारही शब्द मी काढले आहेत. उरले ते असे: ‘रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक किंवा वाद्य, ते कोणाचेही आणि कोणत्याही निमित्ताने असो, वाजवले गेल्यास ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे कारवाई व्हावी, निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ठरलेली मर्यादा पाळली जावी, आणि शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस जी सवलत देऊ शकते, ती असलेल्या दिवशीही मध्यरात्रीनंतर आवाज बंद व्हावा.’ बाबा, यात पहाटेचा भोंगा आपोआप येतो, लग्नाच्या वरातीतला डीजे येतो आणि राजकीय पक्षाची रात्रीची सभाही येते. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्येच म्हटले आहे, तेव्हा उत्सवाला बोट लागते असे समजण्याचे कारण नाही. उत्सवाचे पावित्र्य राहावे म्हणून तुम्ही सही करा, झोप हा नागरिकाचा हक्क आहे म्हणून आई करील. अर्जावर कारण लिहिण्याची सक्ती नसते.

आई, मंडपाने अडवलेल्या पदपथाचा तुझा परिच्छेद मात्र मी पूर्णपणे वगळला आहे. तो मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर बाबा सही करणार नाहीत, आणि एका कागदावर दोन मागण्या घातल्या तर दोन्ही काचेखाली राहतील. त्यासाठी वेगळा अर्ज करू, त्यावर मी तुझ्याबरोबर सही करीन आणि बाबांनी त्याला खुशाल विरोध करावा.

रविवारी सकाळी छापील प्रत घेऊन येते. सह्या मजल्यांच्या क्रमाने न घेता पहिली बाबांनी आणि तिच्या लगेच खाली आईने करावी. इमारतीत तुमची मते सर्वांना ठाऊक आहेत, त्यामुळे वरच्या मजल्यावरचे काका आणि तळमजल्यावरच्या काकू, दोघांनाही हा अर्ज कोणत्या बाजूचा आहे हे विचारण्याची सोय उरणार नाही.

तुमची,
मुग्धा