जथ्याने गाड्या काढताना

संपादक महोदय,

शेगाव, पोहरादेवी, चिखलदरा अशा वाटांवर वीस-पंचवीस मोटारसायकली गप्पा मारत शेजारीशेजारी चालतात. समोरून बैलबंडी किंवा कापसाचा ट्रॅक्टर आला, की आतल्या चालकाला सरकायला जागाच नसते.

आमची कळकळीची विनंती आहे, पाच ते सात गाड्यांचे गट करा. रुंद रस्त्यावर तिरकी रांग धरा: पहिली गाडी लेनच्या उजव्या अंगाला, दुसरी डावीकडे एक सेकंद मागे, तिसरी पुन्हा पहिलीच्या रेषेत, तिच्यापासून दोन सेकंद मागे. ताशी ६० किलोमीटरला दोन सेकंद म्हणजे सुमारे ३३ मीटर. घाट, पूल व अरुंद डांबरी रस्ता आला की एकेरी रांग.

पुढच्याने थोडा वेग वाढवला, तरी मागच्यांना अंतर भरण्यासाठी त्याहून जोरात पळवावी लागते. म्हणून नवख्याला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवा, सर्वात जाणता शेवटी, पंक्चरचे सामान व प्रथमोपचार पेटीसह. पुढच्याने हात दाखवला म्हणून ओव्हरटेक करू नये. रस्ता स्वतः पाहावा.

आपल्याकडचा खरा धोका वेगळाच. पावसानंतर शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पसरते आणि साबणासारखी निसरडी होते. दसरा-दिवाळीत रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले सोयाबीनही तसेच. तिथे पोहोचण्याआधीच वेग कमी करावा, गाडी सरळ ठेवावी, पुढचा ब्रेक दाबू नये. पहिल्याने डावा हात खाली करून इशारा द्यावा, प्रत्येकाने तो मागे पोहोचवावा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच.

— काही मोटारसायकलस्वार, अमरावती जिल्हा