धाकट्याशी एकदा बोल गा

प्रिय दोस्ता,

तुझा परवाचा मेसेज भेटला, धाकटा आजकाल ऑनलाइन दिसत नाही काहून म्हणून विचारलं होतं तू. व्हॉट्सॲपवर दोन ओळीत सांगासारखं नव्हतं गा, म्हणून लांब लिहून रायलो, सुट्टीच्या दिवशी निवांत वाच.

त्याच्यापाशी स्मार्टफोनच नाही आता. दिवाळीपासून बाबाचा बटनाचा वापरते. कोणी हिसकला नाही, त्यानंच आणून माझ्या हातात देल्ला आणि म्हणला, दादा हा तुझ्यापाशी ठेव, माझ्यानं होत नाही.

मागच्या जूनपासून सांगतो. मृग लागला होता, पऱ्हे टाकाचे होते, खत आणाचं होतं. धानाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, त्याच्या खात्यात जमा झाले होते, म्हणून पासबुक घेऊन मी बँकेत गेलो. मशीनमध्ये टाकलं तर ते छापतच रायलं, पान भरलं, पलटवलं, दुसरं भरलं, मशीन थांबेच ना. शंभर, पाचशे, दोनशे, पाचशे, एकाच रात्रीतल्या अकरा-अकरा नोंदी, आणि मांगं लाइनमधले लोक पाहून रायले. ६१ हजार रुपये गेले होते. बाहेर कडुनिंबाखाली बसून मी त्या नोंदी बोटानं मोजल्या, मले वाटलं खातं हॅक झालं. घरी आलो तर हा गोठ्यात गव्हाणीपाशी उभा, माझ्या हातातलं पासबुक पाहिलं आणि खालीच बसला. रमी, दादा, एवढंच बोलला.

सुरुवात कशी झाली मालूम आहे काय? मॅच पाहता पाहता. दर ओव्हरले जाहिरात, त्यात त्याचा आवडता हिरो हातात पत्ते घेऊन हासून रायला. तुले तर मालूमच आहे, त्या हिरोचा फोटो याच्या वहीवर, गाडीवर, मोबाइलच्या कव्हरवर, त्याच्यासारखीच कटिंग मारे हा. जाहिरातीच्या शेवटी आवाज ये, यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीनं खेळा, पण एवढ्या पटपट की आई एकदा म्हणली होती, हा मांगून कोण बडबडते गा, काही समजत नाही. पहिल्यांदा थोडे पैसे फुकट भेटले खेळाले. मंग सातशे जिंकला, त्याचं आईसाठी मिक्सरचं भांडं आणलं, आई किती खूश झाली होती. ते भांडं अजून वापरात आहे, चटणी वाटाले काढलं की हा तिथून उठून जाते.

मी त्याच्यावर लय चिडलो त्या रात्री, नाही नाही ते बोललो, आता वाईट वाटते. तवा त्यानं जे म्हणलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. म्हणला, दादा, एवढा मोठा माणूस खोटं काहून बोलन? त्याले पैशाची काय कमी आहे? आता सांग, याले काय उत्तर देऊ मी? पोरगं मूर्ख नाही गा, त्यानं त्या माणसाले आपला समजला. अनोळखी माणसानं येऊन म्हणलं असतं की इथं पैसे लाव, तर यानं गावच्या वेशीबाहेर काढून देल्लं असतं. त्या चेहऱ्यावरचा याचा भरोसा होता ना, तोच विकला त्या हिरोनं. माझा राग त्याच्यावरच आहे आणि तो कमी होत नाही.

कायदा आला मंग, ऑगस्ट २०२५ मध्ये, पैशाचे ऑनलाइन गेम बंद. चालवणाऱ्याले ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याले २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड, खेळणाऱ्याले शिक्षा नाही. हे शेवटचं मी धाकट्याले दोनदा वाचून दाखवलं, त्याले भेव होतं की पोलीस येतीन. याच्या आधी सगळे म्हणत की रमी कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानंच १९६७ मध्ये म्हणलं होतं. म्हणलं होतं, पण तो खटला क्लबात बसून खेळणाऱ्यांचा होता. तिथं समोरच्याचं तोंड दिसते, खिसा रिकामा झाला की माणूस उठून घरी जाते. इथं रात्री दोन वाजता पांघरुणात कोण उठवते? आणि कायदा आल्यावरही याच्या फोनवर कुठून कुठून लिंका येतच होत्या. म्हणून दिवाळीत त्यानं फोन देल्ला. आपल्या धानाचा हेक्टरी २० हजाराचा बोनस आला तवा कुठं खताची उधारी फिटली.

आता ज्याच्यासाठी लिहून रायलो ते. यंदा शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, नाटक होतं, कंपनी गडचिरोलीकडच्या वडशाचीच. पोस्टरवर मुंबईच्या सिनेस्टारचं नाव मोठ्ठं, पण लोक खरे आले ते आपल्या खलनायकासाठी, तोच, जो पावसाळ्यात स्वतः धानाचा रोवणा करते. मी धाकट्याले ओढून नेलं. तणसावर बोऱ्या टाकून बसलो, पहाटे पाचले नाटक सुटलं. मंडपामांगं तो खलनायक खोबऱ्याचं तेल लावून रंग पुसून रायला होता, अर्धं तोंड लाल, अर्धं साधं. एक म्हातारी आली, पोरीले असं छळते काय रे मुडद्या म्हणून शिव्या देल्ल्या आणि जाताना दहा रुपये हातात ठेवले. खलनायकानं वाकून पाया पडल्या. धाकटा त्याच्यासाठी आरसा धरून उभा होता. बोलता बोलता खलनायकानं सांगितलं की त्याच्या रील चालतात म्हणून एकानं त्याले असल्याच कोणत्या तरी ॲपची जाहिरात कराले पैसे देऊ केले होते, सीझनभर नाटकं करून भेटत नाही एवढे. यानं नाही म्हणलं. म्हणे, पुढच्या वर्षी इथंच नाटक लागलं तर या बाईसमोर कोणतं तोंड घेऊन उभा राहू?

धाकटा घरी येतपर्यंत एक शब्द बोलला नाही. तवापासून त्याच्या डोक्यात एकच आहे, आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याच्या, कलाकारांचे व्हिडिओ कराचे, त्यांले विचारून, आपल्याच बोलीत. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंले २०२३ मध्ये पद्मश्री भेटली तवा आपल्याच वर्गातल्या पोरांनी विचारलं होतं ना, हे कोण म्हणून, ते त्याले अजून याद आहे. कंपनीवाल्यांशी बोलूनही आला. पण त्याच्यासाठी फोन पायजे, आणि फोन माझ्या पेटीत कुलुपात आहे. काल जेवताना त्यानं हळूच विचारलं. मी काहीच बोललो नाही, घास घशाखाली गेला नाही.

तुले विचाराचं कारण हे की तुले यातलं समजते. तुझं टिकटॉक २९ जून २०२० ले बंद झालं तवा दोन दिवस तू जेवला नव्हता, नाल्याच्या पुलावर माझ्यापाशी रडला होता. मंग तू कसा बाहेर आला ते मले कधी सांगितलं नाही, त्याले सांग. समजावू नको, समजावणारे घरात लय आहेत. फक्त बोल, आणि मंग मले सांग की फोन देऊ की नाही. तू म्हणशीन तसं करीन.

सातनंतर तो घरीच असते, बाबाच्याच नंबरवर लाव. अंगणात रेंज येत नाही, त्याले माळ्यावर चढा लागते, म्हणून एका रिंगमध्ये नाही उचलला तर ठेवू नको.

आईनं तुझ्यासाठी हातफोडणीचा चिवडा बांधून ठेवला आहे, पुण्याले जाणारं कोणी भेटलं की पाठवतो.

तुझाच दोस्त