मार्चमध्येच जाऊया, डिसेंबर विसर

प्रिय मन्या,

ग्रुपवर काही लिहिलं की बंट्या दोन मीम टाकतो आणि गाडी फिरून परत अलिबागवर येते, म्हणून तुला एकट्याला सविस्तर लिहितोय. नेरूळहून फोर्टला जाताना बसायला मिळालं तर वाच, नाहीतर रविवारी वाच, पण वाच.

माझं म्हणणं एकच, फिनलंडच्या उत्तरेला लॅपलँडला जायचं तर मार्चमध्ये. मला माहितीये तुला ख्रिसमस, बर्फ आणि नॉर्दर्न लाइट्स सगळं एकाच रीलमध्ये पाहिजे. पण सारिसेल्का, म्हणजे आपण जाणार ते तिथलं गाव, आर्क्टिक सर्कलच्याही बरंच वर आहे, तिथे डिसेंबरच्या सुरुवातीपासून साधारण जानेवारीच्या दहा तारखेपर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडे तास निळसर उजेड, की परत अंधार. त्यात ख्रिसमसचे रेट. पुढे ढकलून जानेवारी म्हणशील, तर खरी थंडी तेव्हाच, फिनलंडचा रेकॉर्ड मायनस ५१.५ आहे, किट्टिलाच्या पोक्का गावात, जानेवारी १९९९ मध्ये. आपण माथेरानला स्वेटर काढणारी माणसं, आपल्याला एवढं शौर्य कशाला पाहिजे.

मार्चच्या मध्यात दिवस बारा तासांचा, बर्फ जवळपास सगळ्यात खोल, दिवसा मायनस पाच-दहा आणि रात्री वीसच्या खालीही जाऊ शकतं. रात्र चांगली काळीकुट्ट असते, त्यामुळे आकाश मोकळं असलं तर लाइट्सचा चान्स आहेच. महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या शाळांना स्कीइंगची सुट्टी असते, तेव्हा गर्दी, म्हणून ती संपल्यावर जायचं. आता तू म्हणशील मार्च एंडिंग. अरे तुझं मार्च एंडिंग दरवर्षी असतं आणि दरवर्षी ते ३१ तारखेलाच होतं, २० च्या आत परत आणतो तुला, मग शेवटचे दिवस काय जीव द्यायचा तो दे.

राहायचं कुठे, तर काचेचे इग्लू बिग्लू विसर, एका रात्रीला जेवढे घेतात तेवढ्यात आपल्या पाचपाखाडीत महिन्याचं भाडं भागेल. सारिसेल्काला लागूनच उर्हो केक्कोनेन नॅशनल पार्क आहे, १९८३ चा, अडीच हजार चौरस किलोमीटरच्या वर. आत जंगलात सरकारी लाकडी केबिन आहेत दोन प्रकारच्या. एक बुकिंगच्या, पैसे भरायचे, चावी घ्यायची. दुसऱ्या फुकट, कुलूपच नाही, कोणीही चालत किंवा स्कीवर आलेला एक-दोन रात्री राहू शकतो. आणि नियम काय माहितीये, सगळ्यात शेवटी आलेल्याचा हक्क पहिला! म्हणजे तुम्ही दुपारपासून पाय पसरून पडलाय आणि रात्री दहाला कोणी बर्फ झटकत आत आला, तर तुम्ही सरकायचं. लोकलच्या चौथ्या सीटसारखंच, फक्त तिकडे कोणी तोंड वाकडं करत नाही म्हणे. तरी मला वाटतं आपण बुकिंगवाली घ्यावी, कीलोपा डोंगराच्या बाजूने जवळ पडेल अशी. बंट्याला हट्टाने केबिन ते केबिन स्कीइंग करायचंय, ज्याला येऊरच्या चढावर धाप लागते त्याला. एक केबिन, तिथेच मुक्काम, दिवसा आसपास फिरायचं, बस.

थंडीची तू उगाच जास्त काळजी करतोयस, काळजी करायची ती घामाची. सगळे कपडे चढवून चालायला लागलास की दहा मिनिटात आतून भिजणार, आणि थांबलास की तोच घाम अंगावर गार पडणार. म्हणून निघताना जरा थंडी वाजली पाहिजे, थांबलं की लगेच जाड जॅकेट. कॉटन अजिबात नाही, बनियनपासून, कारण ते ओलं झालं की वाळत नाही. आत लोकरीचं थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं. बूट एक नंबर मोठे, घट्ट बुटात बोटं आधी बधिर होतात. जाड ओव्हरऑल इथे घेऊ नकोस, आयुष्यात परत घालणार नाहीस, तिकडे भाड्याने मिळतात.

केबिनमध्ये वीज नाही, नळ नाही, संडास बाहेर, लाकडाच्या खोपटात. शेगडी म्हणजे लोखंडी नाहीतर विटांची, बाजूला कुऱ्हाड आणि बर्चचे ओंडके. बर्चची पांढरी साल सोलून खाली ठेवायची, ती ओलसर असली तरी पेटते. पेटवायच्या आधी धुराड्याची झडप उघडायची, आणि झोपताना ऊब राहावी म्हणून ती लगेच बंद करायची नाही, निखारे पूर्ण काळे झाल्याशिवाय तर नाहीच, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो, त्याला ना वास ना रंग. हे काम मी माझ्याकडे ठेवतोय, बंट्याला हात लावू देणार नाही. पाणी नसेल तर बर्फ वितळवायचा, पण भांड्यात आधी तळाला थोडं पाणी घालायचं, नुसता कोरडा बर्फ टाकला तर भांडं करपतं. छोटा गॅसचा कॅन तिकडे घेतला तर त्यावरचं लेबल वाच, नुसता ब्युटेन असेल तर शून्याच्या थोडं खालीच तो वायू व्हायचं बंद होतो, शेगडी फुसफुस करत बसते. विमानात कॅन नेता येतच नाही. मोबाइल आतल्या खिशात, अंगाला लागून, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

जेवणाचं मी ठरवलंय. बेसन, तांदूळ, मेतकूट, गोडा मसाला, भडंग, कोरडी लसणाची चटणी. पिठलं-भात अर्ध्या तासात होतो आणि गरम गरम घशाखाली उतरला की मायनस वीस गेलं उडत. पण तूप, पेढे, पनीर, कसलंही मटण-चिकन बॅगेत नको, युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून घेतात. लोणी तिकडचं घेऊ, उलट चांगलंच मिळेल.

जायचं मुंबई ते हेलसिंकी, मध्ये एक स्टॉप, तिथून सारिसेल्काजवळच्या इव्हालोचं विमान आणि मग अर्ध्या तासाची बस. नाहीतर हेलसिंकीहून रात्रीची ट्रेन रोवानिएमीपर्यंत, बर्थवर झोपून, आणि पुढे बस. मला ट्रेन आवडेल, तुला वेळ वाचवायचाय, ते आपण भेटून भांडू.

व्हिसाचं मात्र आत्ताच धर. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो, फी ९० युरो, किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, अर्ज जायच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालू पाहिजे, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी. तुझा लग्नाच्या वेळचा आहे ना? मग एक्सपायरी बघून आज रात्रीच कळव, रिन्यू करायचा असेल तर आताच अर्ज टाकावा लागेल.

शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला ये, सुट्ट्यांच्या तारखा घेऊन ये, बंट्याला मी खेचून आणतो.

तुझा,
पव्या

ता. क. काकू तुपाची बरणी भरायला घेणार हे नक्की. त्यांना कस्टमचं तू सांग, मी सांगणार नाही.