ह्या बांधाक मानस खंय?

पणजी,
रविवार, रात्र

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. सोबत तुझ्या चुलतभावाने पाठवलेला कागद होता आणि खाली तुझी एकच ओळ, 'सही करू का, सांग.' मला लगेच सांगता आले नाही. बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या आपल्या खाजन शेतातला तुमचा वाटा सोडून द्यावा की राखावा, ह्यावर माझेच मन ठरत नव्हते. आज संध्याकाळी बाबांना घेऊन कांपालला गेलो होतो. तिथून आल्यावर जेवण उरकले आणि लिहायला बसलो.

बाबा आता ८४ वर्षांचे झाले. गेल्या पावसाळ्यात चोडण बेटावरचे घर बंद करून त्यांना इथे आणले. इथे सगळे आहे, पण खिडकीतून पाणी दिसत नाही. भरती किती वाजता, हे सकाळी उठल्याबरोबर त्यांना अजूनही लागते, आणि ते पंचांगावरून मनाशीच काढून मला सांगतात. म्हणून आज उन्हे कलल्यावर त्यांना आणि माझ्या नातीला गाडीत घातले.

कांपाल तुला वेगळे सांगायला नको. जुन्या जीएमसीत, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, तुझी आई दाखल होती, तेव्हा रात्री वॉर्डात थांबू देत नसत म्हणून आपण दोघे नदीकाठी जाऊन बसायचो. समोर बेतीचे दिवे, डावीकडे दूर रेइश मागूशचा किल्ला. एका कागदात चणे, तेही तू खाल्ले नव्हतेस. पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या भोंग्याचा पोंऽपों ऐकू आला की उठून वॉर्डाकडे धावायचो. ती जागा मला आजही ओळखता येते. झाडे तीच आहेत, फ्रान्सिश्कु लुईश गोमिश यांचा पुतळा तसाच उभा आहे. लोक मात्र खूप वाढले. मुले सायकली फिरवतात, बायका चालायला येतात, आणि नदीत कॅसिनोच्या बोटी दिवे लावून उभ्या असतात.

नात मुलांच्या बागेत घसरगुंडीवर रमली. मी बाबांसाठी बाक शोधला, पण ते बसेनात. काठी टेकत थेट कठड्यापाशी गेले आणि वाकून खाली पाहत राहिले. पौर्णिमा दोन दिवसांवर आहे, त्यामुळे ओहोटी चांगलीच खोल लागली होती. खालचे दगड उघडे, त्यांवर कालवे चिकटलेली, पुढे काळा चिखल. बाबांनी भिंतीवरची ओली रेघ काठीने दाखवली. "राती हांगासर येतलें," म्हणाले, म्हणजे रात्री पाणी इथवर येणार. मग बराच वेळ भिंत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळून त्यांनी मला विचारले, "ह्या बांधाक मानस खंय?" ह्या बांधाला मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार, कुठे आहे?

मी म्हटले, बाबा, हा बांध नव्हे, शहर आहे. ते म्हणाले, पाठीमागची जमीन बघ की, नदीपेक्षा फारशी उंच कुठे आहे?

सदा, त्यांनी कुठे काही वाचलेले नाही, पण त्यांचे म्हणणे खरे आहे. कांपाल म्हणजे दलदल आणि वाळूचे उंचवटे होते. १८२६ ते १८३५ ह्या काळात गोव्याचा कारभार पाहणाऱ्या दों मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रु ह्याने ती भरून, सपाट करून घेतली. १८४३ साली पणजीला शहराचा दर्जा मिळाला, तो अशाच पाण्याकडून घेतलेल्या जमिनीच्या जोरावर. मळा, पाटो, फोंतेनिश, जिकडे पाहावे तिकडे खाजन नाहीतर चिखल. आणि आपण फेरीतून उतरून शाळेला ज्या रस्त्याने यायचो, तो रायबंदर-पणजीचा पोंत द लिन्यारिश? १६३३-३४ साली खाजनातून आणि मिठागरांतून बांधून काढलेला तीन किलोमीटरांचा बांधच तो. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला आगरे. बसच्या खिडकीशी भांडून बसायचो आपण, पण कशावरून चाललो आहोत हे कधी मनात आले नाही.

हे सगळे मी बाबांना सांगितले. त्यांनी विचारले, माती कोणी वाहिली? ह्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. गव्हर्नराचे नाव राहिले. पाट्या डोक्यावर घेऊन चिखलात उतरलेल्यांचे एकही नाव मला सांगता आले नाही, आणि त्याचे मला फार वाईट वाटले. त्या लोकांनी हे काम कुणाकडून शिकले असेल? पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकरीतले, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेतले, लोक खाजने बांधत होते. चिखल, पेंढा, चिऱ्याचे दगड, बाहेरून कांदळ, म्हणजे खारफुटी, लावलेले.

आणि मानस. तुला आठवते ना, बाबांच्या मागे कंदील घेऊन आपण जायचो? भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटायची, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडायची. मिटताना लाकडाचा तो जड आवाज व्हायचा. पावसाचे पाणी पोंयीत, शेतातल्या खोलगट जागेत, उतरे, तिथून ओहोटीबरोबर बाहेर. जूनच्या सरींनी शेतातला खार धुऊन काढला की खाऱ्या जमिनीत तगणारे कोरगुट भात पेरायचे. सरदाचे, म्हणजे पावसाळी, पीक निघाल्यावर खारे पाणी आत घ्यायचे, आणि मग मासळी, सुंगटे, काळुंदरा, शेवटे. म्हणजे बाबा पाण्याला कधीच पुरते बाहेर ठेवत नव्हते. कधी घ्यायचे आणि कधी सोडायचे, एवढे त्यांच्या हातात होते, आणि त्यासाठी ते रात्री-अपरात्री उठत.

पणजीत भर पावसाच्या दिवसांत भरती आणि सर एकदम आली की अठरा जून रस्त्यावर पाणी तुंबते, हे तू इथे असताना पाहिले आहेस. गटारातून पाणी जायचे तरी कुठे, बाहेर नदीच वर आलेली असते. सांत इनेजची खाडी कांपालजवळच मांडवीला मिळते. पूर्वी शेते आणि कुळागरे ओलांडून येणारी खाडी आता इमारतींच्या पाठीमागून कशीबशी वाट काढते. बाबांच्या प्रश्नाचा अर्थ मला तिथे उभ्याउभ्या कळला. एवढी सुंदर बाग, एवढी झाडे, आपल्या आयुष्यातल्या त्या रात्री, हे सगळे एका बांधावर आहे. आणि रात्री उठून त्याच्याकडे बघायचे असते, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आहे?

आता तुमच्या शेताविषयी. मी गेल्या महिन्यात जाऊन पाहिले. बांधाला खांड पडली आहे ती मानसीच्या उजव्या अंगाला, दहा-बारा पावले रुंद. का पडली तेही सांगतो, कारण चुलतभावाने तुला ते कळवलेले दिसत नाही. मासळीची पावणी, म्हणजे मासे धरण्याचा लिलाव, ज्याने घेतली होती, त्याने जास्त सुंगटे मिळावीत म्हणून दारे भरतीलाही उघडी ठेवली. आत-बाहेर करणाऱ्या पाण्याने बांधाची पायथ्याची माती नेली. कुळांच्या संघटनेत कोणी बोलले नाही. बाबा बोलले असते, पण ते तेव्हा तापाने अंथरुणावर होते, आणि मी पणजीत. हे मला लागून राहिले आहे.

आत कांदळाची रोपे गुडघ्याएवढी झालीत. कांदळ मला प्रिय आहे, आणि नदीकडच्या बाजूला ते हवेच. पण शेतात एकदा मोठे झाले की कायद्याने त्याला हात लावता येत नाही, आणि मग ते शेत कागदावरच शेत राहील. असे शेत घ्यायला कोणी आला की तो भातासाठी येत नसतो. म्हणून सही करू नकोस. पैशाची अडचण असेल तर मोकळेपणाने लिही, आपण दोघे मिळून काही करू. आणखी चार घरांशी मी बोललो आहे. तिघे तयार आहेत, चौथा तू येतोस का ते विचारतो.

बाबांना अंधार पडेपर्यंत तिथून हलवेना. पाणी चढू लागले, खालची कालवे दिसेनाशी झाली, तेव्हा ते वळले. गाडीत नातीने विचारले, पणजोबा काय बघत होते? बाबांनी तिला दोन्ही हातांचे तळवे मिटून-उघडून मानस दाखवली. ती घरी येईपर्यंत तेच करत होती, आणि झोपतानाही.

मे महिन्यात ये. पण पौर्णिमा-अमावास्येच्या तोंडावर नको, उधाणात चिखल ठरत नाही. बाबांनी सांगितले आहे, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या, दिवसांत काम होते, तेव्हा अष्टमीच्या सुमारास पोच. तुझ्या वडिलांचे खोरे आमच्या पडवीत आहे. दांडा मी नवा घालून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
उल्हास