जवारीचा कान वर्गात तयार होत नाही

महोदय,

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता काही महिन्यांचे प्रशिक्षण वर्ग काढले की कारागीर तयार होतील, असे वाटणे साहजिक आहे. पण या कामातला नेमका कोणता भाग वर्गात शिकवता येतो, हे आधी पाहायला हवे.

भोपळा कापून पाण्यात भिजवणे, मऊ पडला की आतून टेकू देऊन आकारात वाळवणे, तुणीच्या लाकडाची दांडी जोडणे, हे दाखवून शिकवता येते. खरी अडचण जवारीची, म्हणजे तारेला गुंजणारा नाद यावा म्हणून घोडीचा माथा घासून घडवण्याची आहे. घोडी म्हणजे तारा ज्यावरून जातात ती पट्टी. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर हळूहळू टेकत-सुटत राहिली पाहिजे. कानशीचा एक हात जादा बसला की तिथे खळगा पडतो आणि नाद बसतो. मग सगळा माथा नव्याने घासावा लागतो. पुढे तंबोऱ्यात तारेखाली सुती धागा सारून केसभर इकडेतिकडे करत जागा शोधायची. ती जागा मोजपट्टीने सापडत नाही, कानालाच कळते.

हा कान घरात आणि गावात घडतो. सतारमेकर गल्लीतल्या घरांत मूल रांगत असल्यापासून षड्ज-पंचम ऐकत असते. आधी पॉलिश कागदाने भोपळा घासायचा, मग खुंट्यांना खडू लावायचा, तारा चढवायच्या, सूर लावायचा. कानस हातात येते ती कित्येक वर्षांनी. मूळच्या शिकलगार घराण्यांचा हत्यारे घासण्याचा हात एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांच्या पिढीत वाद्यांकडे वळला, तोही असाच घरातून आलेला. गावाचाही वाटा मोठा आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी गाणे होते. एका गायकाला खुली, म्हणजे झणझणीत नादाची जवारी का हवी आणि दुसऱ्याला गोल, म्हणजे मऊ नादाची का, हे मुलांना तिथे ऐकूनच उमगते.

हे सगळे रक्तातून येते, असे मात्र आम्हाला वाटत नाही. बाहेरचे मूलही लहान वयात या वातावरणात आले तर शिकेल, आणि या घरांतल्या मुलींनाही कानस मिळाली पाहिजे. म्हणून विद्यावेतन वर्गाला न देता कारखान्यातल्या उमेदवारीला द्यावे: एका कारागिराकडे दोघे, किमान तीन वर्षे, आणि शिकवणाऱ्यालाही मानधन. मुदतीत पावसाळे यायलाच हवेत. दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात त्याच सैल होऊन सुटतात. ऋतू पाहिल्याशिवाय खुंटी किती घट्ट बसवायची याचा अंदाज हाताला येत नाही.

– सतार-तंबोऱ्याच्या कामाशी संबंधित काही वाचक, मिरज